टोरोंटो ते प्रिन्स रुपर्ट: जमिनीखालचे धन आणि समुद्राचे अंतर

कॅनडाच्या नकाशावर पश्चिमेकडील प्रांतांच्या बहुतेक सीमा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. अनेक वर्षे विद्यार्थ्यांना भूगोल शिकवताना या रेषांच्या आत माणसे नेमकी कशावर जगतात, हा प्रश्न माझ्या मनात राहिला होता. म्हणून मी आणि माझे यजमान ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस टोरोंटोहून निघालो आणि रेल्वे, भाड्याची मोटार व पुन्हा रेल्वे असे करत पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत गेलो. या देशात १० प्रांत आणि ३ प्रदेश आहेत. त्यांपैकी ओंटारिओ, मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया हे पाच प्रांत आम्ही पाहिले. प्रत्येक ठिकाणी मी दोनच गोष्टी विचारत होते: इथल्या जमिनीखालच्या धनाची मालकी कोणाची, आणि इथून समुद्र किती लांब?

पहिला दिवस: टोरोंटोहून उत्तरेकडे

टोरोंटोत आम्ही मिसिसागाला माझ्या मावसभावाकडे उतरलो होतो. देशातील ४ कोटींहून अधिक लोकांपैकी सुमारे ४० टक्के लोक एकट्या ओंटारिओत राहतात. बँका, विमा, शेअरबाजार आणि मोटारींचे कारखाने यांवर हा प्रांत उभा आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९६५ मध्ये मोटारींच्या जकातमुक्त व्यापाराचा करार झाला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे कारखाने एकाच साखळीत गुंफले गेले. भाऊ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने गाड्यांवर २५ टक्के आयातकर लावल्यापासून त्याच्या घरात रोज याच विषयावर बोलणे होते. "ताई, एक भाग तयार होईपर्यंत चारदा सीमा ओलांडतो, आता कर कुठे कुठे भरायचा?" असे तो म्हणाला, आणि ओंटारिओच्या समृद्धीतील जोखीम एका वाक्यात समजली.

सकाळी निघालेली गाडी दुपारनंतर शेते मागे टाकून कॅनेडियन शील्ड या प्राचीन खडकांच्या प्रदेशात शिरली. संध्याकाळी सडबरीजवळ आल्यावर समोरच्या बाकावरील निवृत्त खाणकामगार बोलू लागले. सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी येथे मोठी उल्का आदळली आणि त्या आघातातून निकेल व तांब्याचे साठे तयार झाले. १८८३ मध्ये रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना ते उघडे पडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातील बहुतेक निकेल येथून जात असे, पण धातू गाळताना निघणाऱ्या गंधकाच्या धुराने आसपासची झाडी जळून गेली आणि खडक काळे पडले. १९७२ मध्ये उभारलेल्या ३८१ मीटर उंचीच्या धुरांड्याने धूर दूर नेला, तर १९७८ पासून जमिनीवर चुनखडी पसरून झाडे लावण्याचे काम सुरू झाले. ते धुरांडे २०२० मध्ये बंद करण्यात आले. आजोबांनी तरुणपणी सुट्टीच्या दिवसांत स्वतः चुनखडीच्या गोण्या वाहिल्या होत्या. कॅप्रिओल स्थानकावर उतरताना त्यांनी खिडकीतून एका पाइनच्या राईकडे बोट दाखवून "ही आमची" असे सांगितले, तेव्हा त्यांच्या आवाजातला अभिमान स्पष्ट जाणवत होता.

दुसरा दिवस: खडक आणि पाणी

दिवसभर खडक, तळी, स्प्रूसची बारीक झाडे आणि पुन्हा तळी. एकट्या ओंटारिओत अडीच लाखांहून अधिक तळी आहेत. हिमनद्यांनी येथील माती खरवडून दक्षिणेला नेली, त्यामुळे शेती जवळजवळ नाही. खाण, लाकूड आणि रेल्वे यांच्याच आधाराने छोटी गावे वसली आणि कागदाच्या गिरण्या बंद पडू लागल्यावर त्यांतली बरीच ओसरली. सू लुकआउट येथे एक ओजिब्वे आजी नातवासह चढल्या. आणखी उत्तरेकडील कित्येक आदिवासी वस्त्यांना बारमाही रस्ताच नाही, तिथे विमानाने किंवा हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून जावे लागते, आणि त्या सर्वांचे रुग्णालय व बाजार सू लुकआउट येथे आहे. आजींनी घरची बॅनक, म्हणजे तव्यावर भाजलेली जाड भाकर, आम्हांला ब्लूबेरीच्या मुरंब्याबरोबर दिली. एवढ्या संपन्न प्रांतात असे भाग असावेत, याची खंत मला अजून वाटते.

या गाडीने जाणाऱ्यांनी खाण्याचे पदार्थ भरपूर घ्यावेत, कारण शील्डमध्ये मोबाइलला बराच वेळ संपर्क मिळत नाही आणि थांबे रानात असतात. रुळांवर मालगाड्यांना प्राधान्य असते, त्यामुळे कित्येक तासांचा उशीर नेहमीचा आहे. पुढचे आरक्षण एक दिवस मोकळा ठेवूनच करावे.

तिसरा आणि चौथा दिवस: विनिपेग

शील्ड संपता संपता झाडे विरळ होतात आणि थोड्याच अंतरात जमीन पूर्ण सपाट होते. हा हिमयुगातील ॲगसी नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ आहे. त्याच्या काळ्या चिकणमातीवर रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या संगमाशी विनिपेग वसले आहे. संगमाच्या परिसराला द फोर्क्स म्हणतात. तिथल्या जुन्या तबेल्यांच्या इमारतीत आता बाजार भरतो. विनिपेग सरोवरातील पिकरेल मासा आम्ही तिथे खाल्ला. त्याचे मांस पांढरे आणि गोडसर असते, मीठ आणि लिंबाशिवाय त्याला काही लागत नाही.

एकेकाळी पश्चिमेचा सगळा गहू या शहरातून जाई. १८८७ मध्ये येथे धान्याचा बाजार स्थापन झाला आणि शहर झपाट्याने वाढले. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला, पश्चिम किनाऱ्यावरून युरोपला माल पाठवणे परवडू लागले आणि हळूहळू धान्याचा काही ओघ व्हँकूवरकडे वळला. हजारो किलोमीटर दूरच्या एका कालव्याने या शहराचे भवितव्य बदलले, हे बँकांच्या त्या भव्य, जुन्या इमारतींसमोर उभे राहिल्यावर फार प्रकर्षाने जाणवते. पुढे शहराने बसबांधणी, विमानांचे भाग आणि विमा यांत जम बसवला. प्रांताची वीज जवळजवळ पूर्णपणे पाण्यापासून, मुख्यतः उत्तरेकडील नेल्सन नदीपासून मिळते.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरचा पूर-कालवा पाहिला. १९५० च्या महापुरानंतर प्रांताचे मुख्यमंत्री डफ रॉब्लिन यांनी विरोध पत्करून १९६२ ते १९६८ दरम्यान सुमारे ४७ किलोमीटर लांबीचा हा कालवा खणून घेतला. १९९७ च्या पुरात त्यानेच शहर वाचवले. कोरड्या दिवसात तो केवळ गवताचा रुंद, उथळ पट्टा दिसतो, म्हणून बरेच प्रवासी तिकडे फिरकत नाहीत. माझ्या मते विनिपेगमध्ये चुकवू नये असे हेच ठिकाण आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात मॅनिटोबाच्या उत्तरेत भीषण वणवे लागले आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. त्यांतील अनेकांची सोय शहरातील हॉटेलांमध्ये झाली होती. आमच्या शेजारच्या खोलीत असेच एक कुटुंब उतरले होते, मुले दिवसभर व्हरांड्यात खेळत. उन्हाळ्यात इकडे येणाऱ्यांनी खोली आधी ठरवावी आणि वणव्यांची रोजची माहिती पाहत राहावे.

पाचवा दिवस: एस्टरहेझी

विनिपेगला मोटार घेऊन आम्ही यलोहेड महामार्गाने पश्चिमेला निघालो. सस्कॅचेवानमध्ये शिरल्यावर घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. हा प्रांत उन्हाळ्यात घड्याळे बदलत नाही. महामार्ग सोडून थोडे दक्षिणेला एस्टरहेझी हे गाव आहे. दुरूनच क्षितिजावर फिकट गुलाबी-करड्या रंगाच्या टेकड्या दिसतात. त्या पोटॅश या खनिज खताच्या खाणीतून काढून टाकलेल्या मिठाच्या राशी आहेत.

सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. तो आटत गेला आणि मिठाबरोबर पोटॅशचे थर उरले. एस्टरहेझीजवळ ते सुमारे एक किलोमीटर खोल आहेत. वाटेत पाण्याने भरलेला वाळूचा थर लागतो, त्यात खाणीची विहीर खणली की पाणी आत घुसे. शेवटी भोवतालची जमीन शीतयंत्रांनी गोठवून आणि विहिरीला लोखंडी कड्यांचे अस्तर लावून तो थर पार करण्यात आला, आणि १९६२ मध्ये येथून पोटॅश निघू लागले. जगातील सुमारे एक तृतीयांश पोटॅश आज कॅनडातून येते आणि त्यातले जवळजवळ सगळे या एका प्रांतातून. भारतात म्युरेट ऑफ पोटॅश जवळपास पूर्णपणे आयात होते, आणि कॅनडा त्याच्या प्रमुख पुरवठादारांपैकी एक आहे. उसाच्या आणि केळीच्या बागांत पोटॅशच्या गोण्या रिकाम्या होताना मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्यांचा उगम समोर पाहताना मी बराच वेळ तिथून हलले नाही.

येथेच मालकीचा प्रश्न समोर आला. १८६७ च्या घटनेने जमीन आणि खनिजे प्रांतांच्या मालकीची ठरवली, पण ती मूळच्या प्रांतांपुरती. गवताळ प्रदेशातील तीन प्रांत नंतर निर्माण झाले आणि त्यांच्या जमिनी व खनिजे ओटावाच्या केंद्र सरकारने स्वतःकडेच ठेवली. वसाहतीसाठी आणि रेल्वेला देण्यासाठी त्याला त्या जमिनी हव्या होत्या. १९३० मध्ये हा हक्क प्रांतांना मिळाला. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात सरकारशी झालेल्या जमिनीच्या करारांविषयी येथील आदिवासींचे म्हणणे वेगळे आहे. नांगराचा फाळ जितका खोल जातो तितकीच जमीन वाटून घेण्याचे पूर्वजांनी कबूल केले होते, त्याखालचे काही दिलेच नव्हते, असे त्यांचे वडीलधारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. एक किलोमीटर खोल खाणीच्या दाराशी हे ऐकले की त्याचे वजन कळते.

सहावा आणि सातवा दिवस: यॉर्कटन ते सास्काटून

यॉर्कटनच्या परिसरात शेतांमधून युक्रेनी चर्चचे कांद्याच्या आकाराचे घुमट डोकावतात. १८९६ नंतर सरकारने पूर्व युरोपातील शेतकऱ्यांना आवर्जून बोलावले. १० डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन मिळत असे, अट एवढीच की ती लागवडीखाली आणून तिथे राहायचे. एका चर्चच्या तळघरात बायका मिळून पिरोगी वळत होत्या. बटाटा आणि चीज भरलेल्या, उकडून वर परतलेला कांदा घातलेल्या त्या करंज्या आम्ही तिथेच बसून खाल्ल्या. मला पारीच्या कडा पटापट मुडपता आल्या, म्हणून त्यांनी मला शेजारी बसवून घेतले.

सास्काटूनला विद्यापीठात डाळींच्या वाणांवर संशोधन करणारी, परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून गेलेली एक तरुणी भेटली. "काकू, तुम्ही मसूर पाहिल्याशिवाय जायचे नाही," असे म्हणून ती आम्हांला शहराबाहेर एका शेतकरी कुटुंबाकडे घेऊन गेली. जेमतेम घोट्याच्या वर पोहोचणारी मसुरीची झाडे पिवळी-तपकिरी होऊन वाळली होती आणि कापणीयंत्र जमिनीला अगदी लागून चालले होते. एका खड्याने पाते मोडू नये म्हणून पेरणीनंतर शेतावर जड रूळ फिरवून दगड दाबून टाकतात, हे तिने दाखवले.

गव्हाच्या या मुलुखात मसूर कशी आली, याची हकिगत समुद्राच्या अंतराशी जोडलेली आहे. १८९७ मध्ये रेल्वे कंपनी आणि सरकार यांच्यात करार होऊन धान्यवाहतुकीचे दर कमी ठरवण्यात आले. पुढे त्या दरांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि स्वस्त भाड्यामुळे गहू दूरच्या बंदरांपर्यंत पाठवणे शेतकऱ्यांना परवडत राहिले. १९९५ मध्ये वाहतुकीचे अनुदान बंद झाले. बंदरापासून दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या शेतकऱ्याला आता त्याच वजनात अधिक पैसे देणारे पीक हवे होते. सुदैवाने सास्काटूनच्या विद्यापीठात १९७० च्या दशकापासून अल स्लिंकार्ड मसुरीवर काम करत होते आणि त्यांचा लेअर्ड हा वाण १९७८ मध्ये आला होता. पूर्वी ओल साठवण्यासाठी जमीन एक हंगाम पडीक ठेवत. तिच्या जागी मसूर आणि वाटाणा येऊ लागला, हवेतील नत्र जमिनीत जाऊ लागले आणि खताचा खर्च कमी झाला. आज कॅनडा मसुरीचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार आहे. आपल्या वाण्याच्या दुकानातील मसूर डाळ कित्येकदा याच मातीत पिकलेली असते.

त्या घरच्या काकांना भारताच्या आयात धोरणाची माझ्यापेक्षा अधिक माहिती होती. २०१७ च्या अखेरीस भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि मसुरीवर ३० टक्के आयातकर लावला, तेव्हा त्यांच्या कोठारात माल पडून राहिला. आता २०२५ च्या ऑगस्टमध्ये चीनने कॅनोला या मोहरीच्या कुळातील तेलबीवर ७५.८ टक्के कर लावला होता आणि शेजारच्या शेतात ते पीक कापणीला आले होते. आपल्या तूर-हरभऱ्याच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून भारताचा तो कर लागला होता, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि त्यांच्या इथेही भाव पडले की सगळे सरकारकडेच पाहतात, असे म्हणाले. जेवणात मसुरीचे सूप आणि सास्काटून बेरीचा 'पाय', म्हणजे फळांचे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, होता. ही बेरी जांभळट, करवंदापेक्षा लहान, आणि तिला किंचित बदामाचा स्वाद असतो.

जुनी लाकडी धान्यकोठारे पाहायची असतील तर छोट्या रस्त्यांनी फिरावे. वाहतुकीचे अनुदान गेल्यावर अनेक उपमार्ग उखडले गेले आणि कोठारांच्या जागी मोठ्या रेल्वेमार्गांवर थोडीच काँक्रीटची टर्मिनले उरली.

आठवा आणि नववा दिवस: लॉइडमिन्स्टर, एडमंटन

लॉइडमिन्स्टर हे शहर सस्कॅचेवान आणि अल्बर्टा यांच्या सीमेवर आहे. १९०३ मध्ये वसाहत झाली आणि १९०५ मध्ये दोन प्रांत निर्माण करताना ११० अंश पश्चिम रेखावृत्तावर सीमा आखली गेली, ती नेमकी गावातून गेली. आज दोन्ही बाजूंना एकच नगरपालिका आहे आणि महामार्गाजवळ सीमेवर लाल रंगाचे उंच खांब उभे आहेत.

येथून पुढे शेतांमध्ये तेल उपसणारे पंप दिसू लागतात. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटनजवळ लेड्यूक येथे तेल लागले, म्हणजे खनिजांचा हक्क मिळून अवघी १७ वर्षे झाली होती. तो हक्क मिळाला नसता तर आजचा अल्बर्टा दिसला नसता. येथे प्रांतिक विक्रीकर नाही. १९७६ मध्ये मुख्यमंत्री पीटर लॉहीड यांनी तेलाच्या उत्पन्नातील काही भाग पुढच्या पिढ्यांसाठी हेरिटेज फंडात ठेवायला सुरुवात केली. पण तेल आहे आणि समुद्र नाही, ही अल्बर्टाची कायमची अडचण आहे. एडमंटनहून व्हँकूवरलगतच्या बर्नबीपर्यंत १९५३ मध्ये तेलवाहिनी झाली. तिच्या शेजारी दुसरी टाकताना इतका विरोध झाला की २०१८ मध्ये केंद्र सरकारला ती विकत घ्यावी लागली. १ मे २०२४ रोजी ती सुरू झाली आणि दिवसाची क्षमता ३ लाख पिंपांवरून ८ लाख ९० हजारांवर गेली. एडमंटनच्या पूर्वेला शुद्धीकरण कारखान्यांच्या रांगेतून जाताना पेट्रोल पंपावरील पंजाबी ट्रकचालकाने सांगितले की त्याच्या घराचा हप्ता तेलाच्या भावाबरोबर हलका-जड होतो.

मोटार आम्ही एडमंटनलाच परत केली. एका प्रांतात घेऊन दुसऱ्या प्रांतात सोडण्याचे शुल्क बरेच पडते, ते आधी विचारून घ्यावे. बिलावरचा करही प्रांताप्रमाणे बदलतो: ओंटारिओत १३ टक्के, मॅनिटोबात १२, सस्कॅचेवानमध्ये ११, अल्बर्टात ५ आणि ब्रिटिश कोलंबियात पुन्हा १२. जाड कपडे, बूट अशी खरेदी अल्बर्टात करावी.

दहावा ते बारावा दिवस: जॅस्परहून समुद्राकडे

जॅस्पर गावाचा सुमारे एक तृतीयांश भाग जुलै २०२४ च्या वणव्यात जळाला. मोकळ्या भूखंडांवर नवी घरे उभी राहत होती आणि जळालेल्या उतारावर फायरवीडची गुलाबी फुले संपत आली होती. दुकानदार प्रत्येक पाहुण्याचे मनापासून आभार मानत होते, तेव्हा तिथे जरूर जावे आणि मुक्काम करावा.

येथून प्रिन्स रुपर्टची गाडी निघते. ती यलोहेड खिंड ओलांडून ब्रिटिश कोलंबियात उतरते आणि आकाश स्वच्छ असेल तर ३,९५४ मीटर उंचीचे माउंट रॉब्सन दिसते. आम्हांला ते दिसले. रात्री गाडी चालत नाही, प्रवाशांनी प्रिन्स जॉर्जला स्वतःच्या खर्चाने खोली घ्यायची असते आणि सकाळी पुन्हा बसायचे असते.

प्रिन्स जॉर्ज हे लाकडाचे शहर. कडक थंडीत मरणारा पाइनचा भुंगेरा सौम्य हिवाळ्यांमुळे जगू लागला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याने या प्रांतातील पाइनची अफाट जंगले मारली. मेलेली झाडे तोडण्याची घाई संपल्यावर गिरण्यांना लाकूड कमी पडू लागले. स्मिथर्सच्या अलीकडे वेट्सुवेटेन लोकांचा मुलूख लागतो. गवताळ प्रदेशात झाले तसे करार येथे झालेच नव्हते, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, या लोकांच्याच खटल्यात, आदिवासींचा भूमिहक्क प्रांताला संपवता येत नाही असे म्हटले. येथूनच किटिमॅट बंदराकडे जाणाऱ्या वायुवाहिनीला पारंपरिक प्रमुखांनी विरोध केला आणि २०२० मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी देशभर रेल्वे रोखल्या गेल्या. वाहिनी झाली आणि जून २०२५ च्या अखेरीस किटिमॅटहून द्रवरूप वायूचे पहिले जहाज निघाले. आमच्या डब्यातील दोन बहिणींपैकी एकीचा मुलगा त्या वाहिनीवर कामाला होता आणि दुसरी ती रोखायला रस्त्यावर बसली होती. दोघी एकाच डब्यातला सुका सामन मासा आम्हांला देत होत्या.

टेरेसनंतर स्कीना नदी रुंद होत जाते आणि कोकणातल्यासारखा संथ, न थांबणारा पाऊस सुरू होतो.

तेरावा दिवस: प्रिन्स रुपर्ट

हे शहर रेल्वे कंपनीचे प्रमुख चार्ल्स हेज यांनी व्हँकूवरशी स्पर्धा करण्यासाठी योजले होते. त्यांच्या कंपनीचा रेल्वेमार्ग १९१४ मध्ये पूर्ण झाला, पण हेज १९१२ मध्येच टायटॅनिक जहाजाबरोबर बुडाले आणि शहर अनेक दशके मासे व लाकूड यांवरच राहिले. २००१ मध्ये लगद्याचा कारखाना बंद पडल्यावर परिस्थिती फार बिकट झाली. मग २००७ मध्ये कंटेनर बंदर सुरू झाले. उत्तर अमेरिकेतील मोठ्या कंटेनर बंदरांत आशियाला हे सर्वांत जवळचे, आणि तोच त्याचा आधार ठरला. रिडली बेटावरील धान्याच्या टर्मिनलासाठी १९८० च्या दशकात अल्बर्टाने आपल्या हेरिटेज फंडातून कर्ज दिले होते. समुद्र नसलेल्या प्रांताने तेलाच्या पैशातून दुसऱ्याच्या किनाऱ्यावर स्वतःच्या गव्हासाठी दार बांधले, असे मला तिथे उभे राहून वाटले. तेलाला मात्र ते दार बंद आहे. २०१९ च्या कायद्याने या उत्तर किनाऱ्यावर कच्च्या तेलाच्या मोठ्या टँकरांना बंदी आहे. सामन पकडणाऱ्या एका वृद्ध सिम्शियन आदिवासी गृहस्थांना ती बंदी कायम राहायला हवी आहे, तर एडमंटनच्या पंपावरील ट्रकचालकाला ती अन्याय वाटते. दोघांचेही पोट त्यावर आहे, आणि मी कोणालाही चूक म्हणू शकले नाही.

जवळच्या पोर्ट एडवर्डला १८८९ मध्ये सुरू झालेला मासे डबाबंद करण्याचा कारखाना संग्रहालय म्हणून जपला आहे. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, छत्रीऐवजी पावसाळी कोट घ्यावा, आणि हॅलिबटचे ताजे मासे धक्क्यावरच्या खानावळीत दुपारीच खावेत, संध्याकाळी ते संपतात. परतीचे विमान घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की विमानतळ डिग्बी बेटावर आहे. शहरातूनच बसने आणि पुढे बोटीने नेतात, म्हणून उड्डाणाच्या बऱ्याच आधी ठरलेल्या ठिकाणी हजर राहावे लागते.